दारेसलामला जाण्याचं वय

मुलुंड,
सप्टेंबर १९५६

ती. दादास,

कुंदाचा नमस्कार. साष्टांग घालणार होते, पण डाव्या दंडावर देवी टोचून घेतल्या आहेत, दंड टम्म सुजला आहे आणि पालथं पडणं शक्य नाही. तेव्हा बसल्या जागेवरून मान लववते, तेवढं गोड मानून घे. तुझा खोकला कसा आहे? वहिनींचा गुडघा? (त्यांना सांग, नुसतं तेल चोळून काही होणार नाही, माडीवर दिवसातून दहादा चढउतार थांबवा. ऐकणार नाहीत, पण सांग.) मुलांना माझ्यातर्फे गोड पापा. मी मजेत आहे. मजेत म्हणजे, नवरा समुद्रापलीकडे, शाळेचा राजीनामा देऊन झालेला, माझ्या चौथीच्या वर्गावर नवी बाई आलेली (मी रंगवलेले नकाशे तिने आल्या दिवशीच भिंतीवरून उतरवले) आणि पासपोर्टाचा अजून पत्ता नाही, अशी मजेत.

पत्र लिहायला खास कारण काही नाही. बरेच दिवसांत खुशाली कळवली नाही म्हणून लिहिते आहे. जयवंतराव मे महिन्यात लग्न लावून दारेसलामला परत गेले, ते तू बोटीपर्यंत जाऊन पाहिलंसच. तिथे रेल्वेत त्यांची कायमची नोकरी आहे, राहायला क्वार्टर आहे, मागे नारळाची झाडंसुद्धा आहेत म्हणे. एवढं सगळं असलं तरी बायकोला नुसती बोटीत बसवून मागवता येत नाही. तिकडच्या सरकारचा परवाना लागतो, इकडच्या सरकारचा पासपोर्ट लागतो, डॉक्टरचा दाखला लागतो, आणि हे तिघंही एकाच बाईबद्दल बोलताहेत अशी सगळ्यांची खात्री पटावी लागते. माझं घोडं नेमकं तिथे अडलं आहे.

आता तुझ्या कर्तबगारीकडे वळते. दादा, तू लबाड नाहीस. मामलेदार कचेरीत इतकी वर्षं काढून तू कुणाच्या कपभर चहाचाही मिंधा नाहीस, हे मी चारचौघांत अभिमानाने सांगते. फक्त बहिणीचं लग्न जमवायची वेळ आली की तुझं कॅलेंडर बंद पडतं. मी एकोणतीस वर्षांची होईपर्यंत तू सगळीकडे खरं वय सांगितलंस. तिसावं लागलं आणि तू ठरवलंस की आता पुरे. त्यानंतर जी जी स्थळं आली आणि पोहे खाऊन गेली, त्या सगळ्यांना मुलगी एकोणतिसाची. ठाण्याच्या एका मंडळींनी थोरल्यासाठी नाकारून पाच वर्षांनी धाकट्यासाठी चौकशी केली, तेव्हाही मी एकोणतिसाचीच होते. (त्यांच्या आईने जाताना मला बाजूला घेऊन, तू रोज काय खातेस गं, असं विचारलं.) शुभा माझ्याहून तीन वर्षांनी धाकटी, पण तिचं लग्न आधी झालेलं, तिचं वय कुणी थांबवलं नाही, म्हणून बघता बघता ती माझी मोठी बहीण झाली. लग्नात सासरच्या मंडळींदेखत मला तिच्या पाया पडावं लागलं ते तुला आठवत असेल. त्या सटवीने माझ्या डोक्यावर हात ठेवून चांगला सावकाश आशीर्वाद दिला. मी हे सगळं चालू दिलं. कधी हसू यायचं, कधी रडू यायचं, पण बोलले नाही. लग्ननोंदणीच्या फॉर्मावर तू तुझ्या वळणदार अक्षरात वधूचं वय एकोणतीस लिहिलंस तेव्हाही मी गप्प राहिले, आणि जयवंतरावांनी बिचाऱ्यांनी तोच आकडा तिकडे परवान्याच्या अर्जात भरला.

माझ्या अर्जाची चौकशी अंधेरीच्या एका कचेरीत व्हायची होती. सोबत पार्वतीकाकू होत्या. (शेजारच्या खोलीतल्या. बाईमाणसाने कचेरीत एकटं जाऊ नये असं त्यांचं मत आहे, आणि कचेरी आतून कशी असते ते पाहायची त्यांची फार वर्षांची इच्छा होती.) घाटकोपरहून बस धरली आणि साकीनाक्यावरून धूळ खात पोचलो. साहेब वयस्कर, सभ्य गृहस्थ. त्यांनी माझे दोन कागद शेजारी शेजारी मांडले. शाळा सोडल्याच्या दाखल्यात जन्म एकोणीसशे वीसचा, म्हणजे वय छत्तीस. लग्नाच्या दाखल्यात वय एकोणतीस. यातलं खरं कुठलं, म्हणून त्यांनी विचारलं. परवान्याच्या अर्जात एकोणतीस गेलेलं, आता ते बदलत बसलो तर बोट निघून जाईल, असा विचार करून मी थंडपणे सांगितलं की शाळेचा दाखला चुकला आहे. (स्वतः बारा वर्षं शाळेत दाखले लिहिणारी मी! हात झडले नाहीत हेच नशीब.) साहेबांनी मान डोलावली, जन्म सत्तावीस सालचा असं लिहून घेतलं आणि पुढच्या रकान्याला हात घातला. वडील हयात? नाहीत. कधी वारले? पंचवीस साली, कार्तिकात. हे मी पाढा म्हटल्यासारखं म्हटलं.

साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं. मग माझ्याकडे न बघता चष्मा काढून पुसला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, ‘‘बाई, वडिलांचं साल जरा पुन्हा आठवून सांगता का?’’ हलका आवाज काकूंना झेपत नाही. ‘‘अगं बये, तुझा बाप जाऊन दोन वर्षं झाली नि मग तू झालीस काय?’’ असं त्यांनी अख्ख्या कचेरीला ऐकवलं. दोन शिपाई एकमेकांकडे बघून हसले. साहेब मान खाली घालून शाईची दौत न्याहाळत बसले.

दादा, माझ्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या. माझ्या वयावर कुणी हसलं असतं तर मी सोसलं असतं, तशी सवयच आहे. पण आई! बाबांच्या माघारी जिने लोकांचे कपडे शिवून आपल्याला मोठं केलं, गल्लीत कुणाची नजर वर उचलू दिली नाही, त्या आपल्या आईबद्दल अंधेरीच्या कचेरीत दोन शिपाई दात काढतात, आणि ते कुणामुळे? तर तिच्या थोरल्या मुलामुळे, जो दर भाद्रपदात सोवळं नेसून बाबांना पिंड देतो! इतकी वर्षं श्राद्ध करताना तुला हा हिशेब एकदाही सुचू नये? मी उठून उभी राहिले आणि मागच्या बाकापर्यंत पोचतो त्या आवाजात म्हटलं, ‘‘साहेब, माझं वय छत्तीस. शाळेचा दाखला बरोबर आहे, लग्नाचा चूक आहे. खोडा ते आणि छत्तीस लिहा.’’ सात वर्षं ज्या आकड्याची मला धास्ती होती तो तोंडातून बाहेर पडला आणि काहीच झालं नाही. रांगेतल्या एका कोळणीने ‘‘बरा केलास गो बाय’’ म्हणून स्वतःची टोपली सरकवली आणि मला बाकावर बसायला जागा करून दिली.

साहेबांना आनंद झाला, पण आनंदावर पासपोर्ट मिळत नाही. एका बाईला सरकारात दोन वयं चालत नाहीत, ते म्हणाले. तेव्हा डॉक्टरकडून वयाचा दाखला आणा, आणि आणखी एक कागद आणा. (त्या कागदाचं पुढे बघू.) डॉक्टर घाटकोपरचे. त्यांनी मला तोंड उघडायला लावून दात मोजले, बैल घेताना मोजतात तसे. अक्कलदाढा चारही निघाल्यावर त्यांना माझ्याबद्दल थोडा आदर वाटू लागला असं दिसलं. मग छातीचा फोटो झाला: फुप्फुसं स्वच्छ, हृदय जागच्या जागी. (काकूंनी तो फोटो उजेडात धरून नीट पाहिला आणि चेहरा आलाच नाही, पैसे परत माग, म्हणाल्या.) आणखी एक तपासणी असते. तिला लोणच्याची रिकामी बरणी लागली. वडील भावाला याहून जास्त लिहिता येत नाही. बरणी काकूंची होती आणि त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. एवढं सगळं करून डॉक्टरांनी लिहून काय दिलं, तर प्रकृती निरोगी, वय तीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान. एवढं तर बसच्या कंडक्टरनेही सांगितलं असतं.

शेवटी देवी टोचल्या. त्या नीट उठल्या तरच बोटीचा दाखला मिळतो. उठल्या, पण काकूंच्या मते घरात देवी आली की तिचा मान राखला पाहिजे. त्यांनी माझ्या चुलीवर फोडणीला बंदी घातली, उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवला आणि दंडावर रोज हळदकुंकू वाहिलं. तपासायला गेले तेव्हा डॉक्टरांना हळदीखाली फोडच दिसेना. ते कापसाने पुसायला लागले तशा काकू ओरडल्या की देवी कोपेल. डॉक्टर म्हणाले, आजी, ती कोपलेली दिसल्याशिवाय मला सही करता येत नाही. सही मिळाली, फोडणी मात्र अजून बंद आहे आणि मी बिनफोडणीचं वरण खाते आहे.

जयवंतरावांना मी कचेरीतून आले त्याच संध्याकाळी विमानाच्या टपालाने सगळं खरं लिहून टाकलं. माझं वय छत्तीस आहे, तुम्हाला एकोणतीस सांगितलं गेलं, मी गप्प बसले, फसवणूक वाटत असेल तर तसं कळवा, असं सरळ लिहिलं. पत्र पेटीत टाकण्याआधी दोनदा पेटीपर्यंत जाऊन परत आले हे तुझ्यापासून लपवत नाही. माणूस मला आवडला आहे, दादा. लग्नानंतरच्या त्या थोड्या दिवसांत त्यांनी मला दोनच गोष्टी विचारल्या, चहात साखर किती आणि शाळेची आठवण येईल का. उत्तर अजून नाही. रोज दुपारी पोस्टमनची वाट बघते आणि तो पुढे गेला की भांडी घासत बसते. पण मी ठरवून टाकलं आहे. उत्तर काहीही येवो, पासपोर्ट निघेल तो छत्तीस वर्षांच्या बाईचाच. त्यांनी बोलावलं तर जाईन. नाही बोलावलं तर शाळेच्या दारात उभी राहून माझा वर्ग परत मागेन आणि नकाशे पुन्हा लावीन. बाबांच्या माघारी जन्मलेली मुलगी म्हणून मात्र मी कुठेच जाणार नाही, स्वर्गातसुद्धा.

असो. फार लांबलं. खोकल्यावर ज्येष्ठमध चघळत जा, विड्या कमी कर, आणि वहिनींशी भांडू नकोस. मोठ्यांना माझा नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि मधल्यांनी आपापल्या सोयीने काय ते घ्यावं.

तुझी,
कुंदा (वय वर्षे छत्तीस)

ता. क. खुशालीचं पत्र म्हणून सुरुवात केली होती, पण सोबत एक स्टॅम्पपेपर घातला आहे. साहेबांना हवा असलेला दुसरा कागद तो हा. ज्याने लग्नाच्या फॉर्मावर चुकीचं वय लिहिलं त्यानेच ते चुकलं असं मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर लिहून द्यायचं आहे. मसुदा मी सुवाच्य अक्षरात करून ठेवला आहे, तुला फक्त सही करायची आहे. लाज वाटेल हे मला कळतं. मलाही अंधेरीला वाटली होती. पितृपक्ष सुरू व्हायच्या आत कर.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तोच पोस्टमन आला. दारेसलामचं पत्र! उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं, मग काकूंना वाचून दाखवलं. जयवंतराव लिहितात की वय वाचून त्यांना हायसं वाटलं. एकोणतीस वर्षांची बायको मिळणार म्हणून पंचेचाळीसाव्या वर्षी ते लग्नाच्या आधीपासून केसांना कलप लावत होते. तिकडच्या उकाड्यात तो कलप घामाबरोबर कॉलरवर उतरतो, धोबी कुरकुरतो, ऑफिसातले लोक हसतात, तरी मी पोचेपर्यंत नेटाने लावायचा असं त्यांनी ठरवलं होतं. माझं पत्र आलं त्या दिवशी त्यांनी बाटली फेकून दिली. परवान्याच्या अर्जातलं वय स्वतः जाऊन दुरुस्त करून आले आहेत. धक्क्यावर पांढऱ्या केसांचा माणूस दिसेल तो मीच, ओळखायला चुकू नका, असं शेवटी लिहिलं आहे. काकूंनी डोळे पुसले आणि आज वरणाला फोडणी द्यायची परवानगी दिली.

ता. क. तिसरा. आता तुला वाटेल, नवऱ्याने मान्य केलं, मग माझ्या शपथेची जरुरी काय? जरुरी आहे. पासपोर्ट त्याच्याशिवाय निघत नाही, आणि निघाला असता तरी मी ती मागितली असती, आईसाठी. तेव्हा सही कर. फक्त एक गोष्ट राहिली. अशा कागदावर शपथ घेणाराचंही वय लिहावं लागतं. ती जागा मी कोरी सोडली आहे, कारण तू माझ्याहून चार वर्षांनी मोठा हे मला माहीत आहे, आणि नोकरीला लागताना तू स्वतःची पाच वर्षं उतरवून घेतलीस हेही माहीत आहे. कचेरीतलं वय भरलंस तर तू माझ्याहून धाकटा होतोस. दादा, खरं भर. मला बोटीवर पोचवायला मोठा भाऊ हवा आहे.