चुन्याची निवळी

लातूर, १० बहमन १३४९ फसली

नांदेडहून मोटारीनं आलो. हाडं खिळखिळी झाली, पण मन खुशीत आहे. हायस्कुलात विज्ञान शिकवायला नेमलंय आणि तजरबागाह, म्हणजे प्रयोगशाळा, अख्खी माझ्या ताब्यात! धूळ वीतभर, पण काचनळ्या, स्पिरिटचा दिवा, तराजू, सगळं शाबूत. हेडमास्तर दत्तोपंत म्हणाले की आधीच्या मास्तरांनी कुलूपच काढलं नव्हतं. मी आल्या आल्या काढलं. केवळाबाईंच्या घरी खोली घेतली आहे. ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी त्याच करून वाढतात. शाळेच्या हजेरीत महिने सरकारी फसली सनाचे लिहायचे, म्हणून इथंही तेच. बाकी गावाला हा मार्गशीर्षच.

१३ बहमन

आठवीचा वर्ग म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. किताब उर्दू, पोरं मराठी, आणि पाठांतर असं खणखणीत की विचारू नका. हातात लोहचुंबक दिला तर त्याच्याकडे न बघता धडा म्हणून दाखवतात! मी बजावलं, इथं किताब मिटायची. डोळ्यांना दिसेल ते आपल्या बोलीत सांगायचं. सगळी खुदखुदली. जुन्या हजेऱ्यांतही हीच नावं; या वर्गाचं आठवीत कितवं वर्ष आहे कोण जाणे, तरी एकालाही मिसरूड फुटलेलं नाही. चिडून दत्तोपंतांना विचारलं, तर म्हणाले, चालून राहिलंय ते चालू द्या.

१७ बहमन

आज श्वासाचा प्रयोग. पानाचा चुना पाण्यात कालवला आणि वरची नितळ निवळी काढून घेतली. तीत फुंकलं की उच्छ्वासानं ती पांढरी होते. आधी मी फुंकून दाखवलं, दुधासारखी झाली. मग एकेकाच्या हाती नळी दिली. गाल फुगवून फुंकतात, बुडबुडे येतात, आणि निवळी नितळच्या नितळ! वर सगळे एका सुरात: चूने का पानी दूधिया हो जाता है. कपाळ माझं!

१८ बहमन

चुना नवा आणला. चपराशी शेषेरावला फुंकायला लावलं, झाली पांढरी. पोरांनी फुंकलं, नितळ. दत्तोपंतांनी चक्क हात जोडले, म्हणाले हा एवढा प्रयोग सोडा, दुसरे शंभर करा. माझं डोकंच फिरलं. विचारलं, तपासणीला साहेब आले की त्यांना काय पोपट दाखवायचे? या गावात विज्ञान शिकवण्यापेक्षा म्हशीला गाणं शिकवणं सोपं.

१९ बहमन

गुरुलिंग त्यातल्या त्यात चुणचुणीत. त्याला पुढं बोलावून फुंकायला लावलं आणि निवळीची नळी उजेडात धरायला लावली. तो म्हणाला, दूधिया. मी ओरडलो, किताब नको, डोळे उघड! त्यानं खूप वेळ निरखून पाहिलं. मग हळूच म्हणाला, मास्तर, पानी तसंच हाय की.

आणि बाकावर कलंडला. मी उचलला तर अंग थंडगार, आणि वजन रिकाम्या पोत्याएवढं. बाकीची पोरं भिंतीकडे तोंड करून धडा म्हणतच राहिली.

२० बहमन

गुरुलिंगचे वडील गुरुपादप्पा आले. मारतील वाटलं, मारलं असतं तर बरं झालं असतं. शांतपणे सांगत होते की प्लेगच्या साली सगळं गाव माळावर झोपड्या घालून राहिलं, तिथंच पोरगं रातीला गेलं. सकाळी उठलं आन् दप्तर मागाया लागलं. आमी कायी बोललो न्हाई. वर्गात समदी तशीच हायेत, मास्तर. कुनी त्यांना सांगितलं न्हाई, म्हून चालून राहिलं होतं.

मी त्यांना खुळे म्हणालो. मुलगा गेलेल्या बापाला! शरम वाटते. पण विज्ञानात असं नसतं. पोराला मी मारलं नाही. मी फक्त बघ म्हणालो—

२३ बहमन

तापानं फणफणलो होतो. काखेत गाठ, तिचा ठणका. काल रात्री तर वाटलं, संपलो. आज सकाळी एकदम हलकं. उठून टोपी मागितली, शाळेला उशीर होतो म्हटलं. केवळाबाई हातातली परात तशीच धरून बघत राहिल्या. काही बोलल्या नाहीत. भाकरीही वाढली नाही. भूक नाहीच म्हणा.

तीच तारीख, शाळेत

शेषेराव मला पाहून दारातूनच परत फिरला. पोरं मात्र खूश. कधी नव्हे ते आपणहून निवळी काढली, नळ्या धुतल्या. असाच वर्ग हवा होता मला. म्हणतात, मास्तर, आता तुमी फुका.

नको म्हटलं. काम आहे म्हटलं. हे लिहीत बसलो.

फुंकलं. बुडबुडे—

नळी समोर ठेवली आहे. पाहिलं नाही. पोरं पाहताहेत. एका सुरात म्हणताहेत, दूधिया हो गया मास्तरसाब, दूधिया हो गया. किती गुणी लेकरं. मी म्हटलं मोठ्यानं म्हणा. अजून मोठ्यानं. थांबू नका, बाळांनो—

वहीतच बघायचं. नळीकडे नाही. पण मान आपोआप—

एकदाच. नुसतं एकदा—

पाणी त