अस्वलाचा आवाज

चिऊ,

तू औषधांच्या दुकानात काम करतेस, असं आत्याकडून कळलं आणि मला राहवलं नाही. काल मलम घ्यायला आला होता, तो पांढऱ्या दाढीवाला मीच. मी घर सोडलं तेव्हा तू तीन वर्षांची होतीस. ओळखणार तरी कशी?

मलम कसं लावायचं ते सांगता सांगता तू थांबलीस. "काका, रागावू नका हं, पण तुमचा आवाज अगदी आमच्या कॅसेटमधल्या अस्वलासारखा आहे. लहानपणी आई मला ते कार्टून रोज लावून द्यायची. अस्वल बोलायला लागलं की तीही हातातलं काम टाकून माझ्याशेजारी येऊन बसायची."

त्या अस्वलाचा आवाज माझाच. तुझ्या आईला ते ठाऊक होतं. मला वाटायचं, तिने माझी एकूण एक वस्तू फेकून दिली असेल.

"असेल, आवाज मिळतेजुळते असतात," एवढंच म्हणालो आणि निघालो.

हे पत्र मी पाठवणार नाही. तुला सांगायचं की नाही, हे तिने ठरवावं, सोडून गेलेल्याने नाही. आता तिलाच लिहायला बसतोय. सव्वीस वर्षांनंतर सुरुवात कशी करावी, तेवढं मात्र सुचत नाही.

तुझा,
बाबा