बोरन्हाणातले माझे भाषण

अखंडितलक्ष्मीअलंकृत, कुलस्नुषापदविभूषित, सांप्रत मुलुंड येथे माहेरी विराजमान सौ. श्रुतिका हीस,

विलेपार्लेनिवासी, सोसायटीचे तहहयात अध्यक्ष, स्वयंघोषित कुलभूषण चंद्रप्रकाश, अर्थात तुझे सासरे, यांचे आशीर्वाद. ते देण्याची योग्यता उरली आहे काय, हा प्रश्न तूर्त स्थगित ठेवतो.

संक्रांतीला बोरन्हाणात दहा महिन्यांची जानकी पाटावर बसता बसता कलंडली. चुरमुरे उधळीत मी पाहुण्यांसमक्ष वदलो, "आमच्याकडची मुलं या वयात धावतात हो. हे तुमच्याकडचं." सभा हसली. तू खाली मान घालून बोरे वेचत राहिलीस.

पुढे तपासणीत तिच्या गुणसूत्राचा एक तुकडा दुप्पट निघाला. तिची प्रगती त्यामुळेच मंद आहे. डॉक्टरांनी तुझे, चिरंजीव सिद्धेशचे आणि माझे रक्त मागितले. सोमवारी अहवाल मीच आणला. तो दुप्पट तुकडा तुझ्यात नाही; सिद्धेशमध्ये आहे आणि माझ्यातही आहे. सिद्धेशला मी सांगितले, "अजून आला नाही रे." तू तिकडे स्वतःलाच दोष देतेस, हे त्यानेच मला सांगितले होते.

तिसरे वर्ष सरेपर्यंत मीही चाललो नव्हतो. आई मला कडेवर घेऊन गावोगाव नवस बोलत फिरली. बोरन्हाणात बोलताना हे मला पुरते आठवत होते.

हे पत्र अहवालासह माझ्या खणात राहील.

लज्जित,
चंद्रप्रकाश

ता. क. जानकीसाठी मागवलेली आधाराची खुर्ची तू गेल्यावर आली. ती दारामागे असल्याने चपलांचे कपाट उघडत नाही. पंधरा दिवस मी स्नानगृहातल्या सपाता घालून हिंडतो आहे. खुर्ची हलवावी कुठे, हे या घरात कोणीही सांगत नाही.