झाडून होईपर्यंत

व्हाल्मोरा,
२२ नोव्हेंबर १९६७

प्रिय निवेस,

तुझं कार्ड मिळून आठ दिवस झाले. तुम्ही सगळे बरे असाल. इथे थंडी लवकर उतरली. यंदा चेस्टनट भरपूर, पण बारीक आहेत. धुराच्या खोलीत माळ्यावर वाळायला पसरलेत आणि खाली विस्तव धरून आज बावीस दिवस झाले. अजून अठरा दिवस तो विझू द्यायचा नाही आणि भडकूही द्यायचा नाही, हे तुला काय सांगायचं. शेजारचा आर्गान्ते तसाच आहे. परवा म्हणाला, "एर्सिलिया, नवरा केला असतास तरी त्याची इतकी राखण केली नसतीस."

दुपारी मुलं शेकायला येतात. त्यांना बेफाना म्हातारीचीच गोष्ट लागते. मी आईसारखीच सांगते. तीन राजे म्हातारीच्या दाराशी आले, म्हणाले, "बाळ येशू जन्मलाय, दर्शनाला चल." ती म्हणाली, "एवढं झाडून होऊ दे." झाडून बाहेर आली तर रस्त्यावर कोणी नाही. तेव्हापासून दर वर्षी सहा जानेवारीला ती घरोघरी फिरते. ते बाळ याच घरात असेल, असं म्हणून प्रत्येक मुलाच्या मोज्यात खाऊ ठेवते.

काल आर्गान्तेची सहा वर्षांची नात ओरिएत्ता म्हणाली, "पण मावशी, घर तर रोजच झाडतात. तिला जायचंच नसेल."

"भीती वाटली असेल गं."

"कुणाची? बाळाची?"

मी विस्तवात लाकूड सारलं.

निवेस, बारा वर्षांपूर्वी अशाच नोव्हेंबरात तू लुचियाला शालीत गुंडाळून दाराशी आली होतीस. उद्या बाप्तिस्मा आहे, माहेरचं एक तरी माणूस हवं, चल, म्हणालीस. विस्तव सोडून कशी येऊ, असं मी म्हटलं. तू कोपऱ्यावरून वळलीस, त्यानंतरचं तुला माहीत नाही. आर्गान्ते कुंपणापाशीच उभा होता. "जा तू, मी बघतो विस्तव," म्हणाला. मी त्याला नको म्हटलं. लग्नाआधीचं मूल, बाबा आत बसलेले, गल्लीतल्या खिडक्या उघड्या. बाबांना जाऊनही पाच वर्षं झाली, आणि विस्तवाचं निमित्त मी सोडलं नाही.

दर सहा जानेवारीला लुचियाच्या नावाने एक मोजा विणून भरते. अक्रोड, सुकी अंजिरं. पाठवला एकही नाही. अंजिरं फेब्रुवारीत मीच खाते, मोजे तेवढे पेटीत आहेत. पहिल्यात आता तिचा अंगठाही जायचा नाही.

तीन डिसेंबरला चर्चमध्ये तिचं दृढीकरण आहे, "वाटलं तर ये," असं तू लिहिलंस. त्या दिवसांत विस्तव आर्गान्ते बघणार आहे. हा माणूस खुर्चीत बसला की घोरतो. "जळले तर जळले," म्हणतो, "तुझ्या चेस्टनटांना काय आईवाचून रडू येणार आहे?"

दोन तारखेच्या सकाळच्या बसने निघते. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. नाही उघडलंस तर मोजे कडीला अडकवून परत येईन. पण आधी कडी वाजवीन.

विस्तव सोडून निघालेली
तुझी ताई,
एर्सिलिया