भंगारातही न जाणारं पातं

चि. धाकट्यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

मी लेकीकडे मजेत आहे, गुडघाही बरा आहे. वहिनीचा खोकला गेला का?

मागच्या मळ्यात पवनचक्की उभी करायला तू होकार देणार, असं कळलं. थांब जरा. इथे घरामागेच तीन आहेत. ऊन कललं की पात्यांची सावली स्वयंपाकघरात फिरते. तवा क्षणात दिसतो, क्षणात दिसत नाही. घरघर तर भिंतीतून येते. तेही सोसलं असतं.

पण गेल्या वर्षी एक पातं चिरलं. कंपनीवाल्यांनी नवं बसवलं आणि जुनं आमच्या कुंपणालगत टाकलं. "पुढच्या आठवड्यात नेतो," म्हणाले. तो आठवडा अजून उजाडतोय! बसपेक्षा लांब धूड, कुजत नाही, फुटत नाही. भंगारवाल्यानेही हात जोडले, "मावशी, फुकट दिलंत तरी नको." जावईबापू त्याच कंपनीत कामाला. ते म्हणतात, "आई, वारा फुकट आहे ना!" वारा फुकट, आणि हे कुणाच्या गळ्यात?

वाचनालयातून पुस्तक आणून वाचलं. चक्की उभारण्यावर पानंच्या पानं आहेत, उतरवण्यावर अक्षर नाही.

तुझे दाजी गेले तेव्हा त्यांच्या चपलाही कुणीतरी घालायला नेल्या. मला द्यायच्या नव्हत्या, तरी गेल्या. हे मात्र जाता जात नाही. रोज दार उघडलं की समोर.

म्हणून सहीआधी कंपनीवाल्यांना एवढंच विचार, चक्की म्हातारी झाल्यावर हिला नेणार कोण? उत्तर मिळेपर्यंत पेनाचं टोपण काढू नकोस.

तुझ्याच काळजीत,
ताई