तीनशेच्या खालचा चिखल

रेवस,
मंगळवार, ता. ११ फेब्रुवारी २०२५

आज माझी सुटी. सकाळी पाणी भरलं, अंगण झाडलं, जेटीवर जाऊन उगाच लाँची बघून आलो. दुपारी भात आणि सुकटीचं कालवण केलं. अल्पेश येऊन गेला. उजेड आहे तोवर हे लिहितो आहे.

ती. दिनानाथदादा यांस सदूचा नमस्कार. नलूवहिनींना नमस्कार, हेमालीला आशीर्वाद. तुमची कंबर कशी आहे? ट्रेलर सोडून ऑफिसात बसायला लागल्यापासून ती जास्त दुखते, असं वहिनी म्हणाल्या होत्या. शेक घेत जा. माझी तब्येत ठीक आहे. (ठीक म्हणजे जेवतो, कामावर जातो, तिकिटं बरोबर फाडतो. वहिनींना एवढंच सांगा.) फोन न करता पत्र लिहितो याचा राग मानू नये. फोनवर तुम्ही 'पावनं, जमलं ना?' असं विचारलंत की मी हो म्हणून टाकतो, आणि या वेळी हो म्हणण्यासारखं काही घडलेलं नाही. पत्र करंज्याच्या तरीवर देतो आहे, म्हणजे खाडी ओलांडून उद्या तुमच्या हातात पडेल.

मैनाच्या बाराव्याला तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात की हेमालीच्या हळदीला धवला आत्याच्याच आवाजात लागेल, आत्याने तसा शब्द दिला होता, आणि मोबाईलमध्ये तिचं गाणं आहे ते पाहुण्यांनी नीट करून आणावं. सगळे माझ्याकडे वळले. मी मान हलवली. उभ्या तालुक्यात लग्नांतून धवले गाणारी बाई, तिने गळा मोकळा केल्याशिवाय हळद लागायची नाही, आणि तिचा आवाज आता तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे माझ्या हातात. माझ्या हातून काचेचा पेलासुद्धा सुरक्षित राहत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

अल्पेश म्हणजे आपल्या हळदींना मोठे स्पीकरचे बॉक्स लावतो तो. त्याने घरच्या लॅपटॉपवर गाण्याचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. त्याचं म्हणणं, काकी स्वयंपाकघरात बसून गायली आहे, आवाज एकदम जवळचा आणि कोरडा, तो चारशे माणसांच्या मांडवात उघडा पडेल. म्हणून त्याला रिव्हर्ब द्यायचा, म्हणजे घुमारा, जणू काकी मोठ्या जागेत उभी आहे. सॉफ्टवेअरमध्ये जागांची यादीच असते. खोली, हॉल, बोगदा, चर्च. मी सगळ्यांत मोठं म्हणून चर्च घेतलं. (लग्न आगरी माणसाचं, पण मला वाटलं मोठेपणात कमी नको.) भर दुपार होती. लॅपटॉपला मैनाचा तो लाल स्पीकर जोडला आणि बटण दाबलं. दादा, काय सांगू. घराच्या चारी भिंती एकदम हुंकारल्या. आवाज येतोय कुठून ते कळेना. मी थांबवलं तरी तो थांबेना, माजघरातून मागच्या पडवीत गेला आणि तिथे विचार करत बसल्यासारखा हळूहळू विरला. मी खुर्चीवर पाय वर घेऊन बसलो होतो हे मला नंतर दिसलं.

शेजारच्या आवडाबाई अंगणात जवळा वाळत घालत होत्या. त्या दारात आल्या, आत येईनात.

"सदू, घरान कोन हाय?"

"कोणी नाही."

"मंग मैना कशी बोलते?"

"सॉफ्टवेअर आहे, आवडाबाई."

"त्याला काय खायाला लागतं?"

मी काही बोलण्याआधी त्या घरी जाऊन लिंबू आणि मूठभर तांदूळ घेऊन आल्या, लॅपटॉपवरून उतारा काढला, आणि त्यातले थोडे तांदूळ पडले ते सरळ बटणांच्या फटीत. तेव्हापासून 'क' दाबलं की एकदम सात-आठ 'क' येतात, आणि आतला पंखा जात्यासारखा कुरकुरतो. आवडाबाईंचं मत, कुरकुरतंय म्हणजे लागू पडलं.

दुसऱ्या दिवशी अल्पेशने मला समजावलं. तो बोलायला दांडगट, पण कामात चोख आहे. म्हणाला, "काका, काकीला हात लावू नका. इक्यू लावायचा तो घुमाऱ्याला." इक्यू म्हणजे पडद्यावर एक आडवी रेघ येते. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक, खाली त्यांचे आकडे. रेघ जिथे खाली ओढाल तिथला आवाज कमी. घुमाऱ्याचं तीनशेच्या खालचं सगळं कापायचं, कारण तिथे नुसता चिखल असतो, मोठ्या बॉक्सवर तोच आधी वर येतो. वर उजवीकडेही कापायचं, नाहीतर गाण्यातले 'स' आणि 'श' सापासारखे फुसफुसत मागे लागतात. आणि मधे, जिथे शब्द कळतात तिथे, एक उथळ खड्डा करायचा, म्हणजे घुमारा बाजूला सरकतो आणि शब्दाला बसायला जागा देतो. ऐकायला सोपं आहे. ओहोटीला आपल्या खाडीत लाँच एका नेमक्या पाण्यातूनच जाते, दोन्ही बाजूंना गाळ, तसंच ते.

पण दादा, तुम्हाला तिचा आवाज माहीत आहे. तो छातीतून यायचा, भरदार. लहानपणी तुम्ही तिला म्हशीच्या आवाजाची म्हणून चिडवायचात म्हणे. मी रेघ खाली ओढायला घेतली की वाटायचं, हा चिखल नाही, हीच मैना. तीनशेच्या खाली तीच असली तर? मग मी रेघ परत वर सोडायचो. मग चिखल. मग परत खाली. अल्पेश म्हणाला, "काकी कापत न्हाय तुम्ही. काकीच्या मागचं कापताय." मी हो म्हटलं. घाम पुसला. मैना माझ्या हाताने काही चिरायला द्यायची नाही, भाजीसुद्धा, आणि इथे मी तिच्या मागचं काय काय कापत बसलेला.

असं करत करत शेवटी जमलं असं वाटलं. चर्च सोडून मधला हॉल घेतला, घुमाऱ्याची शेपटी तोडली, रेघ जागेवर बसली. इक्यूच्या कोपऱ्यात एक लहान पिवळा दिवा असतो. मी तो विझवला आणि फाईल पेनड्राइव्हवर घेतली. (आमच्या तिकीटखिडकीवर दिवा विझवला म्हणजे काम व्यवस्थित पुरं झालं असा अर्थ. इथे दिवा विझला म्हणजे इक्यूच बंद, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.)

गेल्या गुरुवारी शेजारच्या पाड्यात हळद होती. अल्पेशने दुपारी बॉक्स रचले होते, माणसाच्या दीडपट उंचीचे. म्हणाला, "आणा काका, चेक करून टाकू." आधी काहीच आलं नाही. मग मांडवाचे पत्रे थरथरले. मग जमिनीखालून एखादी मोठी बाई कुशीवर वळावी आणि काहीतरी सांगू पाहावी, पण तोंडावर गोधडी असावी, तसं झालं. शब्द एक नाही. पण आवाज कोणाचा ते त्या पाड्यातल्या प्रत्येक बाईला कळलं, कारण त्यांची लग्नं मैनानेच गायली होती. हळद वाटणाऱ्यांनी पाटा सोडला. आचारी वड्याचं पीठ हातात घेऊन तसाच उभा. नवरदेव पेंढ्यामागे. एक म्हातारे गृहस्थ तेवढे पुढे झाले आणि बॉक्सला हात जोडून म्हणाले, "मैनाबाय, काय राह्यलं असंल तं सांग. पोराचं लगीन हाय, घाबरवू नको." मी बॉक्सच्या मागे होतो. माझेही हात जोडलेले होते.

अल्पेशने वायर उपटली. नवरदेवाच्या आईने मांडवाच्या दारात नारळ फोडला, दुसरा माझ्या हातात देऊन घरी जा म्हणाली. वाटेत अल्पेश म्हणाला, "इक्यू बंद राह्यला ते ठीक हाय, पण काका, यात शब्दच न्हाईत. नुसता घुमारा आलाय. सॉफ्टवेअरनी शब्द खाल्ले वाटतं." मी म्हटलं, खाल्ले असतील.

हे सगळं तुमच्यापर्यंत आलंच असेल, कारण दुसऱ्याच दिवशी वहिनींचा फोन आला. गेलेल्या बाईचा आवाज मांडवात नको, मुलीच्या सासरचे काय म्हणतील, असं लोक बोलतात म्हणाल्या. त्यांचंही बरोबर आहे. मलाच भीती वाटते, तर नव्या नवरीला का वाटू नये? म्हणून माझं नम्रपणे सांगणं असं की हा नाद सोडावा आणि मांडवा गावच्या कृष्णाबाईला बोलवावं. आवाज बारीक आहे, पण धवले पाठ आहेत. वाटेत दुसरा मांडव दिसला की ती तिथेही शिरून गाते, म्हणून सकाळीच आणावं लागेल, तेवढं मी करीन. हेमालीने राग मानू नये. आत्या असती तर आत्यानेच समजावलं असतं.

कळावे, लोभ आहेच.

तुमचा,
सदू

ता. क. कृष्णाबाईला मी अजून विचारलेलं नाही.

आणखी एक. पत्र घडी घालून ठेवलं होतं, परत उघडलं. सॉफ्टवेअरने शब्द खाल्लेले नाहीत. पडद्यावर दोन पट्ट्या आहेत, एक मैनाचा आवाज, दुसरा त्याचा घुमारा. घुमारा एकटा तपासता यावा म्हणून अल्पेशने पहिल्याच दिवशी मैनाच्या पट्टीची आवाज कमी-जास्त करायची दांडी तळाला ओढली आणि झालं की वर करा म्हणाला. ती मी वर केलीच नाही. इतके दिवस मी नुसता घुमारा ऐकतो आहे. त्याचा चिखल काढला, फुसफुस काढली, शब्दांसाठी खड्डा केला, आणि शब्द आणलेच नाहीत. पाड्यातली माणसं घाबरली ती तिला नाही, ती नसताना उरतं त्याला घाबरली. त्या रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला गाण्याआधी ती विचारते, "लागलं का?" मी मोबाईल धरून उभा असतो, मी म्हणतो, "हां." घुमाऱ्यात तो प्रश्न धुरासारखा येतो, मला सोसवतो. तो सरळ आला, ओट्याजवळून आल्यासारखा, तर मी काय करीन ते मला कळत नाही. दादा, तुम्ही या. पुढच्या मंगळवारी दुपारच्या तरीने या. दांडी तुम्ही वर करा, मी शेजारी बसतो. ऐकल्यावर तुम्ही सांगाल तसं, हळदीला तिला लावू किंवा कृष्णाबाईला आणू. अल्पेशला आणि आवडाबाईंना बोलवायचं नाही.

उत्तर नको, फोनही नको. आलात तर भाकरी लागेल आणि घरात पीठ नाही. तांदूळ कालच धुऊन वाळवले आहेत. आता डबा उचलतो, दाराला कडी घालतो आणि गिरणीत जाऊन येतो.