मागच्या खोलीच्या विटा

४ नोव्हेंबर
आज बेळगावात, कॅम्पात आले. बंगला फोटोतल्यापेक्षाही देखणा! इंग्रज राणीच्या काळातली तांबडी वीट, कमानींचा व्हरांडा, मंगलोरी कौलं. ट्रस्टनं त्याच्या जतनाचं काम मला दिलंय. राहायलाही इथलीच पुढची खोली. मागच्या आउटहाउसमध्ये अंबुबाई राहतात. त्यांची सासू इथल्या इंग्रज साहेबाकडं स्वयंपाकाला होती, तेव्हापासून कुटुंब तिथंच. आता एकट्याच उरल्यात. "पुण्यास्नं आलीस व्हय? दमली असशील," म्हणत माझी पिशवी उचलायला आपणहून पुढं आल्या.

९ नोव्हेंबर
पश्चिमेची, कमानीखालची भिंत पोखरलीय. पूर्वी कुणीतरी वर सिमेंट थापलं, ओल अडकून आत विटांचा भुगा झाला. नवी वीट जुळत नाही. भरमू गवंडी म्हणाला, "म्याडम, निपाणीपातूर हुडकली, असली वीट कुठंच गावंना."
आउटहाउसची वीट मात्र हुबेहूब हीच. ट्रस्टच्या चिटणीसांना फोन केला. आउटहाउस धोकादायक झालंय, पाडायला हवं, असं सांगितलं.
धोकादायक नव्हतं. पण बंगला वाचेल.

१६ नोव्हेंबर
अंबुबाईंची भाची त्यांना आपल्या गावी, बेळगुंदीला घेऊन गेली. त्या रडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "माघारी कवा येऊ गं?" मी म्हटलं, काम झालं की.

२८ नोव्हेंबर
आउटहाउस पाडून त्याच्याच विटांनी भिंत पुरी झाली. जोड कुठं आहे ते मलाही ओळखता येत नाही. अंबुबाईंच्या चुलीमागच्या काजळलेल्या विटा काळी बाजू आत करून बसवल्या.
दुपारी भाचीचा फोन आला. अंबुबाई गेल्या. शेवटपर्यंत "घरला सोडा" म्हणत होत्या. फोन ठेवला आणि भिंतीचे फोटो काढायला गेले. का गेले?

२ डिसेंबर
भिंत सकाळीसुद्धा गरम लागते. पश्चिमेचं ऊन असेल म्हटलं, पण सकाळी तिथं ऊन नसतं. भरमूला हात लावायला सांगितलं. लावला नि चटकन मागे घेतला. "आत कोण चूल पेटवलीया?" हसला नाही. जेवायला म्हणून गेला तो परत आला नाही.

५ डिसेंबर
काजळी बाहेर फुटलीय. घासून काढली. तासाभरात पुन्हा— आतून भाकरी थापल्याचा आवाज. मी खोटं बोलले नसते तर—

६ डिसेंबर
चिटणीसांना खरं सांगितलं. म्हणाले, भिंत सुरेख झालीय, आता विसरा.
नाही जमत. विटा काढणार. अंबुबाईंची खोली पुन्हा उभी करणार.

७ डिसेंबर, दुपार
पहारीनं चार-पाच विटा काढल्या. आत पोकळ आहे. आम्ही तर भरीव बांधली होती— आत जाळाचा उजेड. पहार टाकून दिली. कुणीतरी वाचावं म्हणून लिहितेय.
आतून खोकला. मग अंबुबाईंचाच आवाज, घाबरलेला—
"कोण हाय तिकडं? पाडू नगासा! आत माणूस हाय, मी हाय आत—"
मी थांबलेय. अंबुबाई, मी थांबलेय! पण विटा अजून पडताहेत, आपोआप, एकेक— त्या किंचाळताहेत— डावा हात आत घातला, त्यांचा हात लागला, बाहेर ओढतेय, पण वरची कमान खाली येतेय—